तपासता येईल असंच काम कर

पीएच.डी.चा सिनॉप्सिस मंजूर झाल्याचं कळलं. मनापासून अभिनंदन! टॅब्लेटवरच्या गणिताच्या अ‍ॅपमुळे चौथीच्या मुलांना अपूर्णांक नीट समजतात का, हा तुझा विषय आणि जिल्हा परिषदेच्या शाळा हे तुझं कार्यक्षेत्र. ‘मावशी, शाळा सुरू व्हायच्या आत चार गोष्टी सांगून ठेव,’ असं तू म्हणालीस. फोनवर भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट धरून ठेव, बाकी सगळ्या तिच्यातूनच निघतात. शैक्षणिक तंत्रज्ञानातलं संशोधन कपाटात पडून राहत नाही. ‘या अ‍ॅपमुळे गुण वाढले’ एवढं एक वाक्य कुणीतरी प्रस्तावात चिकटवतं, निविदा निघते आणि पुढच्या जूनपासून हजारो मुलांच्या तासिका त्या पडद्यासमोर जातात. मुलांना ‘नको’ म्हणायची सोय नसते, शिक्षकांनाही बहुतेक वेळा नसते. म्हणून तुला कधीही न भेटलेल्या माणसाला तुझं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासता आलं पाहिजे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे संसारात चालत असेल, संशोधनात चालत नाही. ज्याला ओपन सायन्स म्हणतात त्याचा गाभा एवढाच आहे, आणि त्याची सुरुवात शाळेत पाऊल टाकायच्या आधी होते.

प्रश्न आधी लिही, तारखेसकट

निकाल हातात आल्यावर मन फार हुशार होतं. एकूण गुणांत फरक दिसला नाही, तर मुलींत दिसतो का बघू. तिथेही नाही, तर फक्त नियमित मुलांत बघू. असं करत करत कुठेतरी काहीतरी सापडतंच, आणि मग जणू पहिल्यापासून तेच शोधत होतो असा पेपर लिहिला जातो. यात लबाडी असतेच असं नाही, पण परिणाम तोच होतो. 2011 मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सायमनसोन या तिघांनी दाखवून दिलं की विश्लेषणात अशा चार पळवाटा एकदम मोकळ्या ठेवल्या, तर नसलेला परिणाम ‘सापडण्याची’ शक्यता 5 टक्क्यांवरून 60 टक्क्यांच्या वर जाते. बीटल्सचं एक गाणं ऐकल्याने माणसाचं वय कमी होतं, असा अशक्य निष्कर्षसुद्धा त्यांनी याच पद्धतीने काढून दाखवला.

यावर उपाय म्हणजे पूर्वनोंदणी. अमेरिकेतल्या सेंटर फॉर ओपन सायन्सच्या ओएसएफ या व्यासपीठावर मोफत खातं उघडता येतं. तिथे योजना नोंदवली की तिच्यावर तारीख पडते आणि ती गोठते. कल्पना कुणी उचलेल अशी धास्ती असेल, तर नोंदणी 4 वर्षांपर्यंत बंद ठेवता येते. सुटसुटीत हवं असेल तर अ‍ॅझप्रेडिक्टेड आहे, तिथे मोजक्या प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात.

नोंदणीत मुख्य प्रश्न एकच लिही आणि त्याचं मुख्य मोजमापही एकच ठेव. किती शाळा घेणार, अ‍ॅप कोणाला आणि नेहमीची शिकवणी कोणाला हे चिठ्ठ्या टाकून कसं ठरवणार, कोणतं विश्लेषण करणार, हे सगळं आधी लिही. चिठ्ठ्या शाळांच्या नावाच्या टाकल्या असतील, तर विश्लेषणातही शाळेचा हिशोब हवा. 12 शाळांतली 400 मुलं म्हणजे 400 सुटे नमुने नव्हेत. एका वर्गातल्या मुलांना एकच गुरुजी शिकवतात.

योजना बदलावी लागली तर घाबरू नकोस. ऐन मोजणीच्या आठवड्यात शिक्षकांना निवडणुकीचं काम लागेल, वीज जाईल, टॅब्लेट तालुक्यालाच अडकून राहतील. बदल कर, पण काय बदललं, कधी आणि का, हे त्याच दिवशी लिहून ठेव. नंतर सुचलेलं विश्लेषणही जरूर कर, फक्त त्याच्या माथ्यावर ‘हे नंतर सुचलं’ असं स्पष्ट लिही.

गैरहजर मुलाचं काय करणार, ते आज ठरव

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. समज, वर्गात 30 मुलं आहेत आणि चाचणी 20 गुणांची आहे. पूर्वचाचणीच्या दिवशी आठवड्याचा बाजार होता, म्हणून 4 मुलं आली नाहीत. गुण भरणाऱ्याने त्यांच्यापुढे 0 टाकला. उत्तरचाचणीला तीच मुलं हजर राहिली आणि प्रत्येकाला 12 मिळाले. बाकीच्या 26 जणांना दोन्ही वेळा तेवढेच गुण मिळाले. म्हणजे कोणी काहीच नवं शिकलेलं नाही, तरीही वर्गाची सरासरी 1.6 गुणांनी वाढली. आलेखात हा फरक सुरेख दिसेल, आणि तो निव्वळ हजेरीचा असेल.

म्हणून शून्य वेगळं आणि गैरहजर वेगळं. गैरहजेरीसाठी एकच खूण ठरव आणि सगळ्या फाईलींत तीच वापर. कोणाला विश्लेषणातून वगळणार, हेही पूर्वनोंदणीतच लिही: एकच चाचणी दिलेली मुलं, मध्येच ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गेलेली मुलं, शाळा बदललेली मुलं. शिवाय किती मुलं गळली, ते दोन्ही गटांचं वेगवेगळं सांग. एका गटातून जास्त गळती झाली असेल तर तीच मोठी बातमी आहे.

लॉग डेटा आयता मिळाला तर अर्धा कुलूपबंद कर

अ‍ॅपवाले तुला लाखो नोंदी देतील: कोणत्या मुलाने कोणता प्रश्न कधी सोडवला, किती सेकंद लावले, किती वेळा इशारा मागितला. हा डेटा आधीच साठलेला असतो, त्यामुळे ‘आता कसली पूर्वनोंदणी’ असं वाटतं. तीही करता येते. मुलांची दोन भागांत वाटणी कर. एका भागात हवं तेवढं चाळ आणि कल्पना बांध. मग त्या कल्पना नोंदव आणि तोवर न उघडलेल्या दुसऱ्या भागावर तपासून बघ. दुसऱ्या भागाचा पासवर्ड गाईडकडे राहू दे.

लॉगमधलं नाव आणि हात एकाच मुलाचे असतीलच असंही धरू नकोस. एका टॅब्लेटवर तीन मुलं बसतात आणि एकाच्याच लॉगिनने तिघं सोडवतात. महिन्यातून काही दिवस वर्गात बसून हे स्वतः बघ, आणि जे दिसेल ते डेटाबरोबर ठेवायच्या टिपणात लिही.

अ‍ॅपची आवृत्ती टिपून ठेव

औषधाच्या चाचणीत गोळी मध्येच बदलत नाही. तुझं अ‍ॅप मात्र रात्रीत अपडेट होईल, जुने प्रश्न जातील, नवे येतील, बक्षिसाचे तारे वाढतील. मग नेमकी कशाची चाचणी झाली? पहिल्या दिवशी आवृत्तीचा क्रमांक लिही, शक्य असेल तर अभ्यास संपेपर्यंत अपडेट बंद ठेव. मुख्य पडद्यांची छायाचित्रं, धड्यांची यादी आणि शिक्षकांना दिलेल्या सूचना जपून ठेव. दहा वर्षांनी कंपनी राहील की नाही कुणास ठाऊक. तुझा अभ्यास समजायला तेवढं साहित्य तरी उरलं पाहिजे.

कंपनीशी करार करताना एक वाक्य सोडू नकोस

‘निकाल काहीही आला तरी तो प्रसिद्ध करण्याचा संशोधकाला पूर्ण अधिकार राहील.’ हे वाक्य सामंजस्य करारात नसेल, तर सही करू नकोस. कंपनीला मसुदा आधी वाचायला देणं ठीक आहे, त्यांना तांत्रिक चुका दाखवू दे. पण थांबवण्याचा अधिकार देऊ नकोस. टॅब्लेट कुणी दिले, प्रवासखर्च कुणी केला, हे पेपरमध्ये लिही. कंपनीच्या साहाय्याने केलेलं काम आपोआप खोटं ठरत नाही, मदत लपवली की मात्र शंकेला जागा होते.

फाईल परक्या माणसाला वाचता आली पाहिजे

‘प्री नवीन फायनल 2 खरं’ असं नाव असलेल्या एक्सेल शीटवर कुणाचं पोट भरत नाही. प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारं कोडबुक कर: रकान्याचं नाव, त्यात काय मोजलं, एकक कोणतं, रिकामी जागा म्हणजे काय. मूळ फाईलला कधीही हात लावू नकोस. सगळी साफसफाई कोडने कर, म्हणजे कोणती ओळ का गेली ते दिसतं. मराठी प्रश्नपत्रिका यूनिकोडमध्येच टाईप कर. जुन्या फॉण्टमधल्या प्रश्नपत्रिका दुसऱ्याच्या संगणकावर उघडल्या की नुसती अक्षरांची खिचडी दिसते, आणि चाचणीच वाचता आली नाही तर गुणांना काय अर्थ? चाचणी पूर्णच्या पूर्ण दे, गुणदानाच्या निकषांसकट.

याचं मोल किती, ते आपल्याच क्षेत्रातल्या एका गोष्टीवरून बघ. अमेरिकेत वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये अ‍ॅसिस्टमेंट्स ही गणिताच्या सरावाची प्रणाली तयार झाली. तिचा 2009-10 चा डेटा सर्वांसाठी खुला केला गेला. 2015 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने डीप नॉलेज ट्रेसिंग ही पद्धत मांडली: मूल पुढचा प्रश्न बरोबर सोडवेल का, याचा अंदाज न्यूरल नेटवर्कने बांधायचा. ज्या मापावर निव्वळ अंदाजाला 0.5 आणि अचूकतेला 1 मिळतो, त्यावर जुन्या पद्धतीचा आकडा 0.69 होता आणि नव्या पद्धतीचा 0.86 आला. सगळे थक्क झाले.

मग 2016 मध्ये वूस्टरच्याच संशोधकांनी तो डेटा ओळीन् ओळ तपासला. काही नोंदी दोनदा आल्या होत्या. शिवाय एका प्रश्नाला दोन कौशल्यं जोडलेली असली, की तेच उत्तर लागोपाठ दोन ओळींत येत होतं. म्हणजे मॉडेलला पुढच्या ओळीचं उत्तर मागच्या ओळीत आयतं दिसत होतं! या गोष्टी दुरुस्त केल्यावर आकडा 0.75 च्या आसपास आला आणि जुन्या पद्धतींशी असलेलं अंतर बरंच आटलं. पद्धत टाकाऊ ठरली नाही, तिच्यावर आजही भरपूर काम चालतं. पण तिची खरी उंची कळली ती डेटा आणि कोड दोन्ही खुले होते म्हणून. बंद कपाटात असते, तर आपण अजूनही 0.86 चंच कौतुक करत बसलो असतो.

म्हणून पेपर पाठवण्याआधी सगळी फाईल आणि कोड शेजारच्या विद्यार्थ्याला दे आणि सांग, ‘मला काही न विचारता तक्ता क्रमांक 2 काढून दाखव.’ त्याला जमलं तरच पाठव.

नाव पुसलं म्हणजे मूल लपलं, असं नाही

डेटा खुला करायचा आणि मुलांना जपायचं, ही दोन्ही कर्तव्यं एकदमच पाळायची आहेत. अमेरिकेत लटान्या स्वीनी यांनी दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून तिथल्या सुमारे 87 टक्के लोकांना वेगळं काढता येऊ शकतं. आपल्याकडे तर एवढंही लागत नाही. दोनशिक्षकी शाळेत चौथीत 7 मुलं असतात. तालुका, इयत्ता, लिंग आणि जातीचा प्रवर्ग असे चार रकाने ठेवलेस, की गावातला कुणीही बोट ठेवून सांगेल, ‘ही अमक्याची मुलगी.’ आणि तिच्यापुढे लिहिलेलं असेल: 20 पैकी 3.

शाळेचं नाव काढलंस, पण शाळेचा यू-डायस क्रमांक ठेवलास, तर काहीच काढलं नाहीस. विद्यार्थ्याचा सरकारी क्रमांक, नेमकी जन्मतारीख, शिक्षकाचं नाव, लॉगमधली अचूक वेळ, हे सगळं जाऊ दे. तालुक्याऐवजी विभाग लिही, जन्मतारखेऐवजी पूर्ण वर्षांत वय दे. मग मोज: उरलेल्या रकान्यांची प्रत्येक जुळणी निदान 5 मुलांत तरी सापडते का? हार्वर्ड आणि एमआयटीने 2014 मध्ये आपल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा डेटा खुला केला, तेव्हा हीच 5 ची अट लावली होती. अशा झाकपाकीने काही आकडे बदलतात, हेही त्यांच्याच लोकांनी जाहीरपणे लिहिलं. तूही काय काढलं आणि त्याने कोणता आकडा किती सरकला, ते टिपणात लिही. मुलांच्या मुलाखतींचं ध्वनिमुद्रण मात्र खुलं करू नकोस. आवाज पुसता येत नाही.

संमतीपत्रकात पुढचं आजच लिही

डेटा पुढे इतर संशोधकांना देणार असशील, तर ते पालकांच्या संमतीपत्रकात पहिल्या दिवसापासून असायला हवं. नंतर सुचून उपयोग नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती सांगितली आहे. संशोधनाला सवलत आहे, पण अटींसह. तेव्हा एथिक्स कमिटीशी आधीच बोल. पत्रक घरच्या मराठीत असू दे, पालकसभेत मोठ्याने वाचून दाखव. मुख्याध्यापकांची सही म्हणजे पालकांची संमती नव्हे. आणि मुलालाही विचार. ते ‘नाही’ म्हणालं, तर त्याच्या नाहीला किंमत दे.

फरक पडला नाही, तरी छाप

पेरूमध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेत ग्रामीण शाळांना लॅपटॉप दिले गेले. 2012 मध्ये 319 शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: संगणक भरपूर वाढले, गणित आणि भाषेच्या गुणांत मात्र फरक दिसला नाही. हा निकाल दडवला असता, तर किती देशांनी त्याच वाटेने पैसे ओतले असते याचा विचार कर. नकारात्मक निकाल टेबलाच्या खणात राहतात आणि होकारार्थी तेवढे छापून येतात, ही तक्रार रॉबर्ट रोझेन्थाल यांनी 1979 मध्येच केली होती.

यावर एक छान तोड निघाली आहे: रजिस्टर्ड रिपोर्ट. डेटा गोळा करण्याआधी प्रश्न आणि पद्धत नियतकालिकाकडे पाठवायची, रिव्ह्यूअर तेव्हाच सुधारणा सुचवतात आणि निकाल काहीही आला तरी छापण्याचं तत्त्वतः मान्य होतं. ‘कॉर्टेक्स’ने 2013 मध्ये ही पद्धत सुरू केली, आता शेकडो नियतकालिकं ती घेतात. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला याचा दुहेरी फायदा होतो: चुका वेळेत कळतात, आणि ‘काही आलंच नाही तर’ ही भीती जाते.

शिवाय, चाचणी संपल्यावर वर्षभराने परत मोज. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या संस्थेबरोबर झालेला, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडन यांचा अभ्यास वाच. वडोदऱ्यात संगणकावरच्या गणिताच्या खेळांनी दुसऱ्या वर्षी 0.47 प्रमाण विचलनाइतकी वाढ झाली. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने मात्र सुरुवातीची कमाई सुमारे 0.10 पर्यंत ओसरली होती. त्यांनी दोन्ही आकडे पेपरच्या सारांशातच दिले. प्रामाणिकपणा असा पहिल्या पानावर दिसावा.

दुसऱ्याचं काम पुन्हा करून बघण्यात कमीपणा मानू नकोस

2014 मध्ये मेकल आणि प्लकर यांनी शिक्षणशास्त्रातली 100 आघाडीची नियतकालिकं चाळली, तेव्हा पुन्हा करून पाहिलेले अभ्यास निघाले फक्त 0.13 टक्के. पुन्हा करून पाहण्याने काय हाती लागतं, ते 2020 मध्ये दिसलं. हार्वर्ड, एमआयटी आणि स्टॅनफर्डच्या 247 ऑनलाइन अभ्यासक्रमांत, सुमारे अडीच लाख विद्यार्थ्यांवर, आधीच्या छोट्या अभ्यासांत गुणकारी ठरलेले उपाय पुन्हा तपासले गेले. अपेक्षा होती तेवढा परिणाम मिळाला नाही. अभ्यासाचं वेळापत्रक आखायला लावल्याने पहिले काही आठवडे सहभाग वाढला, अभ्यासक्रम पूर्ण करणारे वाढले नाहीत. पण प्रत्येक फेरीआधी पूर्वनोंदणी केल्यामुळे कोणता उपाय कुठे लागू पडतो, हेही त्यांना नेमकं सांगता आलं. दिल्लीत किंवा पिट्सबर्गमध्ये चाललेली गोष्ट गडचिरोलीच्या आश्रमशाळेत चालते का, हा प्रश्न पूर्णपणे नवा आणि तुझ्या हक्काचा आहे.

पेपर वाचायला मिळू दे

स्वीकारलेल्या हस्तलिखिताची प्रत एडआर्काइव्ह या खुल्या संग्रहावर ठेव, डेटा आणि कोड झेनोडोवर. झेनोडो डीओआय देतं, त्यामुळे दुवा तुटत नाही. नियतकालिक कोणती प्रत ठेवू देतं, ते ओपन पॉलिसी फाइंडरवर (आधीचं शेर्पा रोमिओ) आधी बघ. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या, असं म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नकोस. तिथे दार उघडं असतं, तपासणी नसते.

आणि शेवटी, शाळेला हिशोब दे

इंग्रजी पेपर जगाला खुला झाला, पण ज्या गुरुजींनी आपल्या तासिका दिल्या त्यांना निकाल कळलाच नाही, तर तो खुलेपणा अर्धाच. प्रत्येक शाळेला मराठीत दोन पानी टिपण पाठव: काय विचारलं, काय मिळालं, काय मिळालं नाही. आकडे एकत्रित दे, शाळांची उतरंड लावू नकोस. केंद्रातल्या शिक्षण परिषदेत वेळ मागून घे आणि प्रश्नांना सामोरी जा. अपूर्णांकाचा कोणता प्रश्न मुलांना का अडला, हे त्या खोलीत बसलेल्या शिक्षकांइतकं कोणताही रिव्ह्यूअर तुला सांगू शकणार नाही. त्यांनी काढलेली चूक आभार मानून लिहून घे आणि डेटाबरोबरच्या टिपणात नोंदव.

एवढं सगळं करायला वेळ लागतो. सोबतच्या कुणाचे दोन पेपर होतील तेव्हा तुझा एक होईल. तरीही याच वाटेने जा. शाळा उघडायला अजून अवकाश आहे, तेव्हा या आठवड्यात एवढंच कर: ओएसएफवर खातं उघड, मुख्य प्रश्न एका वाक्यात लिही, गैरहजर मुलांचा नियम लिही आणि मला पाठव. मी त्यात खोट काढीन. मग गाईडना दाखव, मग अशा कुणाला तरी दाखव ज्याला तुझा निकाल नकोसा वाटेल. तिघांच्याही हातून गेल्यावर जे उरेल ते नोंदव, आणि मग निर्धास्त मनाने शाळेत जा.